दलाल स्ट्रीटची चढण

मुंबईतील ज्या रस्त्याच्या चढउतारांची वार्ता रोज सायंकाळी घरोघर ऐकली जाते, तो दलाल स्ट्रीट प्रत्यक्षात अगदी सपाट आहे. त्याला ना चढ, ना उतार. रुंदीही बेताचीच. समोरून हातगाडी आली तर आपल्याला भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते. परगावचा पाहुणा हा रस्ता पहिल्यांदा पाहतो, तेव्हा त्याचा हमखास विरस होतो. "हाच का तो?" असे तो विचारतो, आणि मुंबईकराला उगाचच ओशाळल्यासारखे होते.

माझी नोकरीची तीसेक वर्षे ह्याच परिसरातील एका विमा कचेरीत गेली. त्यामुळे इथले फुटपाथ, चहाच्या टपऱ्या आणि दुपारचे सँडविचवाले ह्यांच्याशी माझा जितका घरोबा, तितका बाजाराशी मात्र नव्हे. मी बाजाराचा शेजारी. गिऱ्हाईक म्हणाल तर अगदी किरकोळ. पण शेजाऱ्याला एक सोय असते. घरातली भांडणे, बारशी आणि दिवाळखोरी ही सारी त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतात, आणि त्यात त्याचे स्वतःचे काही जात नाही.

ह्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा भाचा पुण्याहून आला. वय अठ्ठावीस, नोकरी संगणकाची, पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून कितीतरी अधिक. दरमहा ठरावीक रक्कम तो म्युच्युअल फंडात टाकतो, आणि ते चांगलेच करतो. पण त्याच्या येण्याच्या आधी दोन दिवस ताईचा फोन आला होता. भावजी निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी मिळून जे काही आले ते सगळेच्या सगळे शेअरबाजारात घाला, असा मुलाने हट्ट धरला आहे. आणि भावजी अर्धेअधिक राजी झाले आहेत. "तू एकदा त्याच्याशी बोल," ताई म्हणाली, "तुझे तो ऐकतो."

तो माझे ऐकतो ही ताईची समजूत. मी त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटले, "चल, तुला फोर्ट दाखवतो." माणसाला आकडे सांगितले तर तो दुसरे आकडे काढून दाखवतो. जागा दाखवल्या तर निदान काही वेळ गप्प राहतो.

आम्ही चर्चगेटला उतरलो आणि ओव्हल मैदानाच्या कडेने चालू लागलो. समोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. भाच्याने मान वर करून घड्याळात पाहिले आणि मग सवयीने आपल्या फोनमध्ये पाहिले. मी म्हटले, "हा मनोरा म्हणजे मुंबईच्या पहिल्या मोठ्या तेजीची उरलेली खूण आहे."

ती हकीकत अशी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडच्या दक्षिणेकडील राज्यांतून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. साऱ्या इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव असे भडकले की लोकांनी गाद्या-उश्या उसवून त्यांतला कापूस विकला, असे सांगतात. चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. एवढ्या पैशाला जागा हवी, म्हणून नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या. आणि सगळ्यांत गाजली ती बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करणारी कंपनी. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. ह्या साऱ्या खेळाचा राजा होता प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दावर बँका कर्ज देत आणि त्याच्या होकारावर शेअर चढत.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस गडगडला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या सौद्यांचा हिशेब चुकता करावयाचा होता, आणि त्या दिवशी लक्षात आले की जो तो दुसऱ्याच्या पैशावर श्रीमंत झालेला आहे. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. प्रेमचंदचेही दिवाळे वाजले.

"मग हा टॉवर?" भाच्याने विचारले.

"तेजी चालू असतानाच त्याने विद्यापीठाला देणगी दिलेली होती. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख. मनोऱ्याला आईचे नाव द्यायचे, एवढीच इच्छा. बाजार बुडाला, पण दिलेला पैसा बाजारात नव्हता. म्हणून १८७८ साली हा पुरा झाला."

भाचा हसला. "म्हणजे मामा, तेजीतून वेळेवर बाहेर काढलेला पैसाच तेवढा खरा?"

मी म्हटले, "ते अर्धे खरे आहे. दुसरे अर्धे पुढे आहे."

हुतात्मा चौक ओलांडून आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. मुंबईत ज्यांना निवांत सावली हवी असेल त्यांनी ह्या बागेत जरूर यावे. समोर टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक ग्रंथालयाची इमारत. तिच्या रुंद पायऱ्यांवर कॉलेजातली मुले बसलेली. १८५० च्या सुमारास ह्याच टाऊन हॉलपुढच्या वडाखाली वीस-बावीस दलाल जमत आणि शेअरांचे सौदे करीत. पुढे त्यांची संख्या वाढली, रस्ता अडू लागला, तशी ही मंडळी मेडोज स्ट्रीट आणि आजचा महात्मा गांधी रोड ह्यांच्या नाक्यावरच्या वडाखाली गेली. तिथूनही हलावे लागले. अखेर १८७४ साली त्यांना जी कायमची गल्ली सापडली, तिलाच लोक दलाल स्ट्रीट म्हणू लागले. दुसऱ्याच वर्षी, १८७५ मध्ये, 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन झाली. सभासद ३१८ आणि प्रवेश फी एक रुपया!

ही तारीख नीट पाहण्यासारखी आहे. १८६५ ला बाजार पार बुडाला, आणि दहाच वर्षांत त्याच बाजाराने संस्था उभी केली. बुडालेले पैसे परत आले नाहीत. ज्यांचे गेले त्यांचे गेलेच. पण त्या कापसाच्या पैशाचा काही भाग गिरण्यांत, रेल्वेत, गोद्यांत मुरला होता. तेजी फसवी होती. तिच्यामागचे शहर फसवे नव्हते. मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली ती त्यानंतरच्याच वर्षांत. मी भाच्याला म्हणालो, ते दुसरे अर्धे हे.

आता प्रत्यक्ष दलाल स्ट्रीट. फिरोज जीजीभॉय टॉवर्स ही उंच इमारत आपण चित्रांतून पाहिलेलीच असते. खाली लोखंडी अडथळे, पहारेकरी, सामानाची तपासणी. ह्याला कारण आहे १२ मार्च १९९३ चा शुक्रवार. त्या दुपारी मुंबईत जे बाँबस्फोट झाले त्यांतला पहिला ह्याच इमारतीच्या तळघरात झाला. त्यानंतरच्या सोमवारी बाजार पुन्हा उघडला होता, ही गोष्ट आमच्या पिढीचे लोक अजून सांगतात.

इमारतीपाशी ब्राँझचा एक उसळता बैल आहे. तेजीवाल्याला इंग्रजीत 'बुल' म्हणतात, त्याचा हा पुतळा. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे ह्यांनी तो घडविला. शेपूट उभारलेली, मान वळवलेली, खूर रोवलेले. ज्याने खरा खिलार बैल जत्रेत पाहिला आहे, त्याने ह्या शिल्पाला मनापासून दाद द्यावी. भाच्याने बैलाबरोबर आपला फोटो काढून घेतला. मी त्याला सांगितले, "हा बैल इथे आला २००८ च्या जानेवारीत. त्याच महिन्याच्या ८ तारखेला निर्देशांक २०,८७३ वर होता. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर आला."

भाच्याने फोन खिशात ठेवला.

पूर्वी ह्या इमारतीत 'रिंग' असे. तिथे शेकडो दलाल आणि जॉबर एकमेकांना ओरडून, हाताच्या खुणा करून भाव सांगत. तळहात आपल्याकडे केला की खरेदी, बाहेर केला की विक्री. एक डोळा जॉबरवर आणि एक वहीवर ठेवून कारकून सौदे लिहून घेत. १९९५ च्या मार्चपासून संगणक आले आणि तो कल्लोळ निमाला. आज इथे इतके शांत आहे की सँडविचवाल्याच्या सुरीचा आवाज ऐकू येतो.

आम्ही त्याच्याकडेच उभे राहिलो. खाता खाता मी भाच्याला विचारले, "तू पाहिलेली सगळ्यांत मोठी पडझड कोणती?"

"२०२०. करोनाची. जानेवारीत बेचाळीस हजार आणि २३ मार्चला सव्वीस हजारांच्या खाली. पण नोव्हेंबरात सगळे भरून आले! म्हणूनच तर बाबांना सांगतो, पडले तरी थांबायचे, वर्षभरात वर येते."

मला हवी होती ती गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. ज्याने फक्त वैशाखातले ऊन पाहिले आहे त्याने छत्री कशाला घ्यावी? म्हणून मी त्याला ह्याच गल्लीतली एक दीर्घ तेजी आणि तिच्यामागून आलेला एक दीर्घ दुष्काळ सांगितला. वाचकांपैकी ज्यांची मुले आज मिळवती आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून तो इथे देतो.

आपला संवेदी निर्देशांक, ज्याला सारे सेन्सेक्स म्हणतात, तो सुरू झाला १९८६ साली. पण त्याची मोजणी १९७८-७९ हे वर्ष १०० धरून केलेली आहे. त्या सुमारास मध्यमवर्गीय माणूस प्रथमच बाजारात आला. त्याला कारण एक कायदा. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने पुष्कळ परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा लागला आणि शेअर जनतेला विकावे लागले. शेअर कोणत्या भावाने विकावा हे तेव्हा सरकारी अधिकारी ठरवीत, आणि तो भाव बहुधा स्वस्त असे. साबण आणि टूथपेस्ट विकत घेणारी कुटुंबे त्या कंपन्यांच्या शेअरांसाठी अर्ज भरू लागली. आमच्या कचेरीतले शिरस्तेदार अर्जाची रांग लावण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकीत.

मग निर्देशांक चढू लागला. १९९० च्या जुलैत तो १,००० झाला. १९९१ साली आर्थिक धोरण बदलले, आणि १९९२ च्या एप्रिलात तो ४,४६७ वर गेला. शंभराचे चव्वेचाळीसशे, तेरा वर्षांत! त्या वसंतात आमच्या कचेरीतला शिपाई मला सिमेंटच्या शेअरचा भाव सांगत असे, आणि तो बरोबर असे. लोकलमध्ये भजनी मंडळींनी टाळ बाजूला ठेवून भाव वाचलेले मी पाहिले आहेत. त्याच एप्रिलात बँकांच्या रोख्यांच्या व्यवहारातला घोटाळा वर्तमानपत्राने उघडकीस आणला. हर्षद मेहता हे नाव घराघरात गेले, आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्यावर आला.

इथवर सगळ्यांना ठाऊक असते. लोक विसरतात ते पुढचे. २००३ च्या वसंतात, म्हणजे अकरा वर्षांनी, हा निर्देशांक कुठे होता? ३,००० च्या आसपास! मध्ये १९९४ ला आणि २००० ला त्याने डोके वर काढले, आणि दोन्ही वेळा ते खाली गेले. अकरा वर्षांत मुलगा पहिलीतून मॅट्रिकला येतो. ह्या अकरा वर्षांत महागाई किती वाढली ते गृहिणींना सांगावयास नको.

"पण तेव्हा देशाची प्रगती थांबली होती का?" भाच्याने विचारले.

अजिबात नाही. मौज इथेच आहे. त्या वर्षांत कंपन्यांचा नफा दुपटीहून वाढला. मग भाव का वाढले नाहीत? ह्याचे उत्तर मला आमच्या कचेरीतल्या एका जुन्या हिशेबनीसांनी कागदाच्या चिठोऱ्यावर समजावून दिले होते, आणि त्याहून सोपे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. ते म्हणाले, शेअरचा भाव म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. पहिला आकडा, कंपनी एका शेअरमागे वर्षाला किती रुपये मिळवते. दुसरा, त्या मिळकतीच्या एका रुपयासाठी लोक किती रुपये मोजावयास तयार आहेत. पहिला आकडा कारखान्यात तयार होतो, दुसरा माणसांच्या मनात. १९९२ च्या एप्रिलात लोक एका रुपयाच्या मिळकतीला पन्नासाहून अधिक रुपये मोजत होते. २००३ साली ते चौदा-पंधरा मोजू लागले. कारखान्याने आपला आकडा दुपटीहून वाढवला, पण मनाने आपला आकडा तिपटीहून खाली आणला. गुणाकार घटला.

दीर्घ तेजी म्हणजे काय, तर हे दोन्ही आकडे एकदम आणि अनेक वर्षे वाढत राहणे. ती सुरू होते तेव्हा लोक बाजाराला कंटाळलेले असतात, म्हणून दुसरा आकडा लहान असतो. २००३ मध्ये नेमके तसेच होते, आणि त्यानंतर पाच वर्षांत निर्देशांक सातपट झाला. ती संपते तेव्हा सगळे आनंदात असतात, आणि दुसरा आकडा फुगलेला असतो. मधल्या काळात जोराचे दणके बसतात, पण दणका म्हणजे शेवट नव्हे. आणि शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. चढणीत असताना घाट कुठे संपतो ते गाडीवानाला दिसत नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक १९२९ च्या सप्टेंबरात ३८१ वर होता. तो आकडा पुन्हा दिसण्यास १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. १९६६ ला तो हजाराला शिवला, आणि १९८२ च्या ऑगस्टात ७७७ वर होता; मग तिथून २००० च्या जानेवारीत ११,७२२ वर गेला. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस जिथे होता तिथे परत येण्यास त्याला २०२४ चा फेब्रुवारी लागला. चौतीस वर्षे! १९८९ साली निवृत्त झालेल्या जपानी गृहस्थास "थांबा, वर येते" असे सांगणे खोटे नव्हते. त्याला तेवढे आयुष्य हवे होते, एवढेच.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण मामा, १९७९ चे शंभर २०२४ च्या सप्टेंबरात पंच्याऐंशी हजारांवर गेले. ते पण खरेच ना?"

खरेच आहे, आणि ते नाकारणारा माणूस आडमुठा म्हणावा लागेल. सगळे दुष्काळ, घोटाळे, युद्धे, बाँबस्फोट आणि साथी धरूनसुद्धा पंचेचाळीस वर्षांत ही रक्कम वर्षाला सरासरी सोळा टक्क्यांनी वाढली, लाभांश वेगळा. कुठल्याही पतपेढीने इतके दिलेले नाही. पण त्या निर्देशांकात एक गंमत आहे. त्यात तीसच कंपन्या असतात, आणि ज्या मागे पडतात त्यांना काढून दुसऱ्या घेतल्या जातात. शाळेने नापास झालेल्या मुलांची नावे पटावरून काढावी आणि मग निकाल जाहीर करावा, तसे थोडेसे. १९८६ च्या यादीत हिंदुस्थान मोटर्स होती, प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती. एकीची अँबॅसडर आणि दुसरीची पद्मिनी, ह्या दोन गाड्यांवर आपला देश चालत असे. प्रीमिअरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. निर्देशांक चढत राहिला. पण पद्मिनी कायमची आहे असे समजून जो तिचा शेअर कपाटात ठेवून बसला, तो चढला नाही.

ह्याच यादीत कापडगिरण्याही होत्या. म्हणून मी भाच्याला बसने लालबाग-परळकडे नेले. माझे लहानपण तिथल्या चाळीत गेले. पहाटेच्या भोंग्यावर आमची घड्याळे लावली जात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात माणसे कामावर गेली नाहीत, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा कधी जाता आले नाही. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ साचेखात्यात होते. त्यांनी आधी बायकोच्या पाटल्या विकल्या, मग भांडी, मग खोली. आणि एका पावसाळ्यात मंडळी सातारा जिल्ह्यातल्या गावाकडे निघून गेली.

ही साले पुन्हा एकदा वाचून पाहावीत. मी सांगितलेली ती तेरा वर्षांची तेजी १९७९ ते १९९२. गिरणगाव विझले ते तिच्या ऐन मध्यात. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, बसच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर झाल्या. बाजार उद्याच्या नफ्याची किंमत करतो. आजच्या माणसाची करणे हे त्याचे काम नाही, आणि ते त्याने कधी केलेही नाही. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण बाजार चढतो आहे म्हणजे सर्वांचे बरे चालले आहे, असे मात्र कोणी समजू नये. जिथे आमचे भोंगे वाजत तिथे आता काचेच्या उंच इमारती आहेत. फिनिक्स मिलच्या आवारात झगमगता मॉल आहे. एखाददुसरे धुराडे अजून मध्येच उभे दिसते. भाच्याने ते दुरून पाहिले आणि विचारले, "त्या शेजाऱ्यांचे पुढे काय झाले?" मला सांगता आले ते एवढेच की त्यांचा थोरला मुलगा पुढे मुंबईत रिक्षा चालवीत असे. त्याच्या दृष्टीने १९८२ साली कापडाच्या साच्यावर अवलंबून असणे आणि १९९२ साली एकाच शेअरवर अवलंबून असणे ह्यांत फार फरक नसावा. एकाच खुंटीला सगळे टांगले, आणि खुंटी निघाली.

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी भावजींच्या पैशांचा हिशेब मांडला. मी त्याला सल्ला दिला नाही, प्रश्न विचारले. बाबांना घरखर्चाला दरमहा काय लागते? पेन्शन किती? ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कधी? धाकटीचे लग्न कधी? ज्या पैशाचे काम दहा-बारा वर्षांच्या आत आहे, तो पैसा अकरा वर्षांचा दुष्काळ सोसू शकेल का? ह्या प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतःच फोनवरच्या तक्त्यात भरली. अखेर जो आकडा निघाला तो असा की चारांतले तीन भाग बँकेत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत राहावेत, आणि एक भाग, ज्याची भावजींना हयातीत बहुधा गरज पडणार नाही, तो बाजारात जावा. तोही एकदम नव्हे, दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने.

"आणि माझे हप्ते?" त्याने विचारले.

"तुझे चालू ठेव. वाढव हवे तर."

तो बुचकळ्यात पडला. बाबांना आवरायला सांगणारा मामा मुलाला पुढे ढकलतो, हे कसे? पण त्यात विसंगती नाही. १९९२ ते २००३ ही अकरा वर्षे ज्याला पैसे काढावयाचे होते त्याच्यासाठी दुष्काळाची होती. ज्याला दरमहा पैसे घालावयाचे होते त्याच्यासाठी ती पेरणीची होती. भाव खाली होते, म्हणजे त्याच रुपयांत शेअर जास्त येत होते, आणि २००३ नंतर पीक त्याच्याच घरी आले. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने पडझडीची धास्ती घेऊ नये, साठ वर्षांच्या माणसाने तेजीचा भरवसा धरू नये. बाजार तोच असतो. माणसाचे वय निराळे असते. बाप आणि लेक ह्यांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाला तरी बुडवतो.

ताईचा परवा फोन आला. भावजी पोस्टात जाऊन आले आणि रांगेत दोन जुने मित्र भेटले म्हणून खुशीत आहेत, एवढे तिने सांगितले. बाजाराचे नाव तिने काढले नाही, मीही काढले नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दलाल स्ट्रीटवर मुहूर्ताचे सौदे होतात. १९५७ पासूनची ही प्रथा. एरवीचा बाजार बंद असतो आणि तासाभरासाठी तेवढा उघडतो. त्या तासात बहुतेक जण थोडेसे काही विकत घेतात, शकुनापुरते. विकावयास सहसा कोणी उत्सुक नसतो. नफ्याचा विचार फारसा नसतो, नवे संवत सुरू झाले ह्याचा आनंद असतो. मला हा तास आवडतो. वर्षभर ज्या बाजारात जो तो दुसऱ्याच्या आधी बाहेर पडण्याची वाट शोधीत असतो, तिथे एक तास सगळे आत येण्यासाठी येतात.

ज्यांना शक्य असेल त्यांनी ह्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन फोर्टात एक चक्कर मारावी. राजाबाई टॉवर, हॉर्निमन सर्कल, दलाल स्ट्रीट, आणि पाय दुखत नसतील तर तिथून परळ. बसचे तिकीट आणि सँडविच धरून खर्च फार नाही. आणि मुलांनी विचारले की हे सगळे आज कशासाठी दाखवता, तर सांगावे की पैसा वाढायला जितकी वर्षे लागतात, तितकी वर्षे आपल्यापाशी आहेत का, हे मोजायला शिकण्यासाठी.